आत्मनिवेदनाचे गुण

नवविधा भक्तीची यादी आपल्याकडे पुष्कळ घरांत पाठ असते. श्रवणापासून ती सुरू होते आणि आत्मनिवेदनापाशी संपते. आत्मनिवेदन नववे, सर्वांत शेवटचे आणि सर्वांत अवघड. तेथे भक्ताने स्वतःचे म्हणून काही मागे ठेवायचे नसते. ही पायरी चढायला एक जन्म पुरत नाही, अशी आपली समजूत. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत मात्र ती पंधरा आठवड्यांत चढावी लागते, आणि वर तिला गुणही मिळतात!

थट्टा क्षणभर बाजूला ठेवते. त्या देशातील बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, मग तो पुढे डॉक्टर होणार असो की इंजिनियर, लेखनाचा एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. हार्व्हर्डने १८८५ साली असा वर्ग पहिल्या वर्षासाठी सक्तीचा केला आणि पुढे ही प्रथा देशभर पसरली. या वर्गात विद्यार्थी चार-पाच लेख लिहितो, ते खोडून पुन्हा लिहितो, सोबत्यांना वाचून दाखवतो. आणि सत्र संपता संपता, डिसेंबरात नाताळच्या सुट्टीचे वेध लागलेले असताना, प्राध्यापक त्याला एक शेवटचे काम सांगतात: मागे वळून पाहा, आणि लेखक म्हणून या सत्रात तुमच्यात काय बदल झाला ते लिहा.

या कामाची रूपे अनेक. कुठे प्राध्यापकांना पत्र लिहायचे असते; सत्रभराचे निवडक लेख एका फाईलीत लावून त्यांच्यावर हे पत्र ठेवायचे. कुठे पुढच्या वर्षी याच वर्गात येणाऱ्या अनोळखी मुलाला चार गोष्टी सांगायच्या असतात. कुठे पहिल्या दिवशी स्वतःलाच लिहून पाकिटात बंद केलेले पत्र शेवटच्या दिवशी उघडून त्याला उत्तर द्यायचे. तर कुठे आपला पहिला लेख पुन्हा समोर घेऊन त्याच्या समासात आजच्या नजरेने शेरे मारायचे. यांतले पहिले रूप, म्हणजे फाईलीवरचे पत्र, सर्वांत अधिक रूढ आहे. गेल्या चाळीस वर्षांत ते इतके रुळले आहे की त्याला एका वाङ्मयप्रकाराचे रूप आले आहे. त्याची ठराविक सुरुवात आहे, ठराविक कथानक आहे, ठराविक शेवट आहे. ज्या लेखनात दरवर्षी इतके तरुण आपल्याविषयी बोलतात, त्याचा विचार वाङ्मय म्हणून कोणी तरी करावा, एवढ्यासाठी हा लेख.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेली नाही. महाविद्यालयाच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसण्याचा योग आला नाही. तेव्हा परदेशातल्या महाविद्यालयांच्या पद्धतीवर मी बोलावे हा कित्येकांना आगाऊपणा वाटेल. परंतु दिवसा मुलांच्या वह्या तपासायच्या आणि रात्री स्वतःच्या कादंबरीची पाने खोडायची, यात माझी वीस वर्षे गेली आहेत. माणूस स्वतःविषयी खरे केव्हा बोलतो आणि समोरच्याला हवे तसे केव्हा बोलतो, हा प्रश्न त्या दोन्ही कामांत रोज भेटतो. आणि हा प्रश्न आता केवळ अमेरिकेचा राहिलेला नाही; त्याविषयी शेवटी सांगेन.

२

नमुन्यादाखल असे एक पत्र मीच रचून देते. कोणा खऱ्या विद्यार्थ्याचे ते नाही. पण असली पत्रे वाचण्याचा ज्यांना प्रसंग येतो त्यांना ते ओळखीचे वाटेल.

‘सप्टेंबरमध्ये या वर्गात पाऊल टाकले तेव्हा मला लेखनाचा तिटकारा होता. लेख म्हणजे पाच परिच्छेदांचा सांगाडा, एवढेच मला शाळेने शिकवले होते. पहिल्या लेखावरचे आपले शेरे वाचून मी खचून गेलो. परंतु हळूहळू माझे डोळे उघडले. पुनर्लेखन म्हणजे केवळ शुद्धलेखनाच्या चुका काढणे नव्हे, तर विचारांनाच नवा आकार देणे होय, हे आपण मला शिकवले. वर्गमित्रांच्या सूचनांचे मोल कळले. आज मी आत्मविश्वासाने म्हणू शकतो की मी एक लेखक आहे. अर्थात हा प्रवास येथे संपत नाही.’

पत्र वाईट नाही. भाषा स्वच्छ आहे, क्रम नेटका आहे, शेवटी विनयही आहे. तरीही ते वाचून मनावर काहीच उमटत नाही. असे का व्हावे?

पहिले कारण असे की, या पत्रात त्याच्या लेखांतले एकही वाक्य नाही. लेख कशावर होते? नदीवर होते, आजीवर होते, की गावातल्या बंद पडलेल्या गिरणीवर? ‘विचारांना नवा आकार’ दिला म्हणजे कोणता विचार होता आणि त्याचे काय झाले? हे पत्र काढून शेजारच्या मुलाच्या फाईलीवर लावले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. जे कोणाच्याही अंगाला बसते, ते कोणाच्या मापाने शिवलेले नसते.

दुसरे कारण कादंबरीकाराला चटकन दिसते. एखाद्या पात्राने ‘मी आता बदललो आहे’ असे म्हटले की वाचकाचा त्याच्यावरचा विश्वास उडतो. पात्र बदलले हे त्याच्या तोंडून वदवायचे नसते. कालपर्यंत ज्या दारावरून तो मान खाली घालून जात असे, त्याच दारावर आज त्याने थाप मारली, एवढे दाखवले की पुरे. विद्यार्थ्याच्या बाबतीत असा पुरावा त्याच्या लेखांतच असतो. पहिल्या खर्ड्यात आणि शेवटच्या प्रतीत जे अंतर पडले असेल तेवढाच त्याचा बदल. पत्र हा पुरावा नव्हे. तो दावा आहे, आणि तोही दाव्याचा निकाल देणाऱ्याच्याच हाती दिलेला.

येथे तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी अडचण येते. या पत्राची गोष्ट ज्या गुरूंच्या कृपेने पालटते, तेच गुरू हे पत्र वाचणार आणि तेच गुण देणार! दरबारी कवी राजाची कवने रचीत आणि राजा त्यांना कडे देई. त्या व्यवहाराला निदान कोणी आत्मपरीक्षण म्हणत नसे. मूल लबाड असते असे मला म्हणायचे नाही. उलट मूल हुशार असते. आपल्याकडून कोणती गोष्ट अपेक्षित आहे ते त्याला पहिल्या आठवड्यात कळते, आणि पंधराव्या आठवड्यात ते ती आज्ञाधारकपणे सांगते. ‘मला लेखन आधीही आवडत होते, आताही तितकेच आवडते, आपल्या वर्गाने फारसा फरक पडला नाही,’ असे खरे लिहिणारा विद्यार्थी या गोष्टीत बसतच नाही. ज्याला सुरुवातीपासून चांगले लिहिता येत होते त्यालाही, प्रगती दाखवायची म्हणून, आपला सप्टेंबर जरा काळा रंगवावा लागतो.

३

हे कथानक, म्हणजे आधी अंधार, मग पश्चात्ताप, मग प्रकाश, अमेरिकेच्या भूमीवर फार जुने आहे. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये येऊन वसलेल्या प्यूरिटन लोकांनी एक नियम केला होता. ज्याला चर्चचे पूर्ण सभासदत्व हवे असेल त्याने मंडळीसमोर उभे राहून, आपल्या अंतःकरणात ईश्वराची कृपा कशी उतरली ते सांगावे. मंडळी ऐकणार आणि मग ठरवणार. केंब्रिज गावचे धर्मोपदेशक टॉमस शेपर्ड यांनी १६३८ नंतरच्या काही वर्षांत अशी कथने आपल्या वहीत उतरवून ठेवली, आणि ती आजही वाचायला मिळतात. त्यांत शेतकरी आहेत, गृहिणी आहेत, नोकरचाकरही आहेत. इतिहासकार एडमंड मॉर्गन यांनी १९६३ सालच्या आपल्या पुस्तकात या प्रथेचा मागोवा घेतला आणि दाखवले की या अनुभवांना एक ठरलेला साचा पडला होता: कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी यावी, शंका कुठे यावी, खात्री किती वाटावी, हे सारे जणू आखलेले. पूर्ण खात्री वाटणे हेदेखील संशयाचे लक्षण मानले जाई. म्हणून शेवटी थोडी अनिश्चितता उरलेली बरी!

वाचकांनी मी रचलेल्या पत्राचे शेवटचे वाक्य पुन्हा पाहावे. ‘हा प्रवास येथे संपत नाही.’

आणि योगायोग असा की, ज्या केंब्रिज गावात ही कथने झाली त्याच गावात हार्व्हर्ड आहे, जिथे अडीचशे वर्षांनंतर लेखनाचा तो सक्तीचा वर्ग सुरू झाला. एकातून दुसरे जन्मले असे मला सुचवायचे नाही. तशी वंशावळ जोडणे हे माझे काम नव्हे. मला दिसते ते साम्य दारावरच्या व्यवस्थेचे आहे. दार उघडणे ज्याच्या हाती, त्याच्यापुढे माणसाला आपल्या अंतरंगाची हकिगत सांगायला लावली, की ती हकिगत लवकरच एका साच्याची होते. सांगणारा खोटे बोलतो म्हणून नव्हे. आधी जे आत गेले त्यांनी काय सांगितले ते त्याने ऐकलेले असते, आणि आपलाही अनुभव तसाच असावा असे त्याला मनापासून वाटू लागते. येथेच धोका आहे. साचा केवळ शब्दांना पडत नाही, आठवणीलाही पडतो.

४

याच शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेतील एका राज्याने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. केंटकी राज्यातील शाळांची सारी व्यवस्थाच घटनेला धरून नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिला. मग १९९० साली नवा कायदा झाला, आणि त्यातून चौथी, आठवी आणि बारावी या इयत्तांतील मुलांनी निवडक लेखांची फाईल सादर करण्याची पद्धत आली. हेतू उत्तम होता. एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा वर्षभराचे लेखन पाहून मुलाची पारख करावी, याला कोण नको म्हणेल? फाईलीच्या आरंभी मुलाने परीक्षकाला पत्र लिहायचे आणि लेखक म्हणून आपली वाढ कशी झाली ते सांगायचे.

परंतु या फायलींचे गुण शाळेच्या खात्यात मोजले जाऊ लागले, आणि त्या गुणांवर शाळेला बक्षीस की बोल हे ठरू लागले. मग ते पत्र एकट्या मुलाचे कसे राहणार? चौथीतल्या मुलाने आपल्या ‘वाढी’विषयी अनोळखी परीक्षकाला लिहायचे, आणि त्यावर सगळ्या शाळेची अब्रू टांगलेली! टोनी स्कॉट या अभ्यासकाने २००५ साली केंटकीच्या या पत्रांवर लेख लिहिला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की, या पत्रांत मुलाच्या स्वतःच्या विचारापेक्षा संस्थेला हवी असलेली भाषाच अधिक बोलते. २००९ साली केंटकीच्या विधिमंडळाने शाळांच्या मूल्यमापनातून या फायली वगळल्या. त्याला खर्चाची, वेळेची आणि राजकारणाचीही कारणे होती. सारा दोष त्या पत्राचा नव्हे. पण चौथीपासून बारावीपर्यंत तीनदा स्वतःची प्रगती कबूल करून जो मुलगा महाविद्यालयात आला असेल, त्याला पहिल्या सत्राच्या शेवटी पुन्हा तेच विचारले तर तो काय लिहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

५

एवढे बोलल्यावर ‘मग हा प्रकारच बंद करा’ असे मी म्हणेन अशी वाचकांची अपेक्षा असेल. तसे मी म्हणणार नाही. कारण लिहिणाऱ्याने आपल्या लिहिण्याकडे परतून पाहणे ही गोष्ट इतकी मोलाची आहे की तिच्यावाचून कोणी लेखक झाल्याचे मला माहीत नाही.

बेंजामिन फ्रँकलिनचे उदाहरण घ्या. शाळेत तो जेमतेम दोन वर्षे गेला. बाराव्या वर्षी बॉस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. एका मित्राशी त्याचा पत्रांतून वाद चालला होता. ते कागद वडिलांच्या हाती पडले. वादात कोण बरोबर याविषयी वडील काही बोलले नाहीत. शुद्धलेखनात आणि विरामचिन्हांत तू मित्रापेक्षा सरस आहेस, पण भाषेची सफाई, मांडणी आणि स्पष्टता यांत कमी पडतोस, असे सांगून त्यांनी कागदांतली ठिकाणेच काढून दाखवली. मुलाला ते पटले. मग त्याने ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकाचा एक सुटा खंड मिळवला. त्यातील निबंध वाचून प्रत्येक वाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणे काढायची, ती काही दिवस बाजूला ठेवायची, मग पुस्तक न पाहता तो निबंध आपल्या शब्दांत लिहायचा आणि शेवटी मुळाशी ताडून पाहायचा. कुठे चुकले ते दिसे. ते तो दुरुस्त करी. आणि क्वचित एखाद्या बारीक जागी आपण मुळापेक्षा बरे लिहिले, असाही सुखद भास त्याला होई. हे सारे त्याने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

हेही आत्मपरीक्षणच आहे. पण येथे ‘मी किती बदललो’ हा प्रश्न कुठेच नाही. प्रश्न आहे तो ‘हे वाक्य त्या वाक्यासारखे का उभे राहिले नाही’ हा. नजर स्वतःच्या मुखावर नसून हातातल्या कामावर आहे. सुतार रंधा मारता मारता फळी डोळ्यांसमोर धरून एका कडेने पाहतो, तशी ही पाहणी. त्या वेळी त्याला कोणी विचारत नाही की सुतार म्हणून तुझा प्रवास कसा झाला!

मौज अशी की, आजच्या या पत्राचे मूळही असेच निर्मळ आहे. पीटर एल्बो हे लेखनशिक्षणातले मोठे नाव. तरुणपणी हार्व्हर्डमध्ये पदवीपुढचा अभ्यास करताना त्यांना लिहिणेच जमेना आणि ते शिक्षण सोडून बाहेर पडले. पुढे पुन्हा अभ्यासाला लागले तेव्हा लिहिताना अडले की ते स्वतःसाठी टिपणे करीत: आता काय झाले, मी कुठे थांबलो, कशाने सुटलो. ती टिपणे कोणाला दाखवायची नव्हती आणि कोणी तपासणार नव्हते. त्यांतूनच १९७३ साली ‘रायटिंग विदाऊट टीचर्स’ हे त्यांचे पुस्तक आकाराला आले. गुरूवाचून लेखन, असे नावच.

डोनल्ड मरे हे दुसरे. वृत्तपत्रातल्या अग्रलेखांसाठी १९५४ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. नंतर ते न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवू लागले. एकेक विद्यार्थी आपला खर्डा घेऊन त्यांच्या खोलीत येई आणि पहिले बोलणे विद्यार्थ्याचे असे. मरे विचारीत, या खर्ड्यात तुला कशाचे आश्चर्य वाटले? यातले काय जमले आहे? पुढच्या वेळी काय करणार आहेस? १९७९ सालच्या एका लेखात त्यांनी या बैठकींचे वर्णन केले आहे. हे प्रश्न शेवटच्या दिवसाचे नव्हते, दर खेपेचे होते. आणि लेख अजून ओला असतानाचे होते. जेफ सॉमर्स यांनीही १९८८ साली अशीच एक रीत मांडली: प्रत्येक लेखासोबत विद्यार्थ्याने शिक्षकाला एक चिठ्ठी द्यायची. लेख कसा लिहिला, कुठे अडला, आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडून मला काय जाणून घ्यायचे आहे. विद्यार्थी येथे कबुली देत नाही, तो प्रश्न विचारतो. केवढा फरक पडतो पाहा!

आणि ती फाईल? न्यूयॉर्क राज्याच्या स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठात एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी एका सक्तीच्या लेखनपरीक्षेच्या जागी फाईलीची पद्धत आणली. १९८६ साली त्यांनी तिच्यावर लेख लिहिला. तीत एक शहाणपण होते. विद्यार्थ्याची फाईल पास की नापास हे त्याचा स्वतःचा शिक्षक ठरवीत नसे, दुसरे शिक्षक ठरवीत. त्यामुळे स्वतःचा शिक्षक न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उतरून वकिलाच्या बाजूला येऊन बसे. पुढे फाईल सगळीकडे गेली; ही खुर्ची बदलण्याची युक्ती मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिली.

६

प्राध्यापकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, गुण नसले तर मुले हे काम करीतच नाहीत. सुट्टी तोंडावर आलेली असते. ही तक्रार खरी आहे, आणि शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही ती नाकारता येणार नाही. दुसरे ते म्हणतात, आणि हे अधिक वजनदार आहे, की एका वर्गात शिकलेले लेखन मुलगा दुसऱ्या वर्गात नेत नाही. मराठीच्या तासाला नेटके लिहिणारे मूल इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत कसे तुकडे पाडते, हे आपल्याकडचे शिक्षकही रोज पाहतात. जे शिकलो त्याला शब्दांत धरले तरच ते पुढे नेता येते. कॅथलीन ब्लेक यान्सी यांनी १९९८ साली या परतून पाहण्यावरच एक पुस्तक लिहिले. पुढे २०१४ साली लिआन रॉबर्टसन आणि कारा टॅक्झाक यांच्यासह त्यांनी एका अभ्यासक्रमाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या अभ्यासक्रमात विद्यार्थी सत्रभर थोडे थोडे करून, लेखनाविषयीची स्वतःची उपपत्ती मांडतो. लेखन म्हणजे काय, वाचक बदलला की काय बदलते, पुढच्या सत्रात विज्ञानाच्या वर्गात हे मी कसे वापरीन, असा त्याचा रोख.

हा युक्तिवाद मला पटतो. पण तो ज्याच्या बाजूने बोलतो ते काम आणि ‘मी कसा बदललो’ हे पत्र, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकात मुलगा पुढे पाहतो आणि कामाविषयी बोलतो. दुसऱ्यात तो मागे पाहतो आणि स्वतःविषयी बोलतो. पहिल्यातली चूक पुढच्या सत्रात उघडी पडते. दुसऱ्यातले खोटे कधीच उघडे पडत नाही. उलट ते जितके सफाईदार तितके गुण अधिक.

आता दुसरा एक नमुना रचून देते, हाही माझाच.

‘दुसऱ्या लेखात मी आजोबांच्या दुकानाविषयी लिहिले. पहिल्या खर्ड्यात वाक्य होते: आजोबा फार कष्टाळू होते. वर्गात ते वाचले तेव्हा कोणी मान वर केली नाही. मग मी ते खोडून लिहिले: आजोबा दुकान बंद केल्यावरही शटरच्या आवाजाने झोपेतून उठत. हे वाक्य चांगले आहे असे मला वाटते. पण त्यानंतरचा परिच्छेद मला अजून जमलेला नाही. दुकान विकले त्या दिवसाचे मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा ते सिनेमासारखे झाले. का होते ते मला कळत नाही.’

यात प्रगतीचा दावा नाही. गुरूंचे आभार नाहीत. ‘मी लेखक आहे’ ही घोषणा नाही, आणि शेवटी पराभवच आहे. पण हे पत्र शेजारच्या मुलाच्या फाईलीवर लावता येणार नाही. मला विचाराल तर हे लिहिणारा मुलगा त्या ‘का कळत नाही’पाशी लेखक होऊ लागला आहे. परीक्षेच्या तराजूत याला किती गुण पडतील? पहिल्या पत्रापेक्षा कमी पडतील अशी मला भीती वाटते, आणि माझा आक्षेप नेमका त्या तराजूला आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या इतर प्रकारांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांची प्रतवारी आपोआप लागते. पहिल्या लेखाच्या समासात शेरे मारणे उत्तम, कारण तेथे बोट वाक्यावर ठेवावेच लागते. पुढच्या वर्षीच्या मुलाला पत्र, हेही चांगले. कारण वाचक बदलला की सूर बदलतो. बरोबरीच्या पोराला उपदेश करताना कोणी ‘माझे डोळे उघडले’ असे म्हणत नाही. तो सांगतो, ‘तिसरा लेख रविवारी रात्री लिहायला बसू नकोस.’ पाकिटातले पत्र पाहणाऱ्याला मजेचे वाटते, पण त्यातही बदल दाखवण्याचा मोह दबा धरून बसलेला असतो. आणि फाईलीवरचे पत्र, जोपर्यंत ते गुण देणाऱ्याच्याच हाती जाते आहे तोपर्यंत, शेवटच्या बाकावर.

७

आता आपल्या घराकडे येऊ. महाराष्ट्रातल्या शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आम्ही शिक्षक मुलांविषयी वर्णनात्मक नोंदी लिहू लागलो. त्या नोंदींची भाषा किती लवकर ठराविक झाली हे शिक्षकखोलीत बसणाऱ्यांना ठाऊक आहे. ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य किती मुलांच्या वाट्याला आले असेल, देव जाणे! २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मताबरोबरच मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी त्याचे केलेले मूल्यमापनही असावे, असे ते सांगते. म्हणजे आजवर आम्ही जी ठराविक वाक्ये मुलांविषयी लिहीत होतो, ती आता मुले स्वतःविषयी लिहिणार.

विचार वाईट नाही. मुलाला त्याच्या कामाविषयी बोलू देणे हे त्याला माणूस म्हणून मान देणे आहे. पण ते बोलणे जर गुणांच्या रकान्यात बसवले, तर आपण दहा वर्षांच्या मुलाला एक विद्या फार लवकर शिकवू: स्वतःविषयी, समोरच्याला आवडेल ते, मनापासून वाटते आहे अशा सुरात सांगण्याची विद्या. मोठेपणी नोकरीच्या अर्जात, मुलाखतीत आणि सभेत ती उपयोगी पडते हे खरे. परंतु ती ज्याच्या अंगवळणी पडली, त्याला एकांतात स्वतःशी बोलायला दुसरी भाषा उरत नाही. केंटकीच्या फायली कायद्याने बंद करता आल्या. ही सवय अशी बंद करता येत नाही.

शाळांनी काय करावे हे शाळा ठरवतील; माझ्यापुरते म्हणणे एवढेच की मुलाच्या या बोलण्याला गुण नसावेत, आणि ते वर्षाच्या टोकाला एकदा नव्हे तर दर कामाबरोबर थोडे थोडे मागावे. पण हा अंक ज्यांच्या हाती आहे त्यांना कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. आपल्याकडे पहिले सत्र संपते तेच मुळी दिवाळीच्या तोंडावर. सहामाहीच्या वह्या या घटकेला घरातच कुठे तरी दप्तरात पडलेल्या असतील. फराळाचे ताट पुढे असताना मुलाला ‘या सहा महिन्यांत काय शिकलास?’ असे विचारू नका. त्याला उत्तर ठरलेले मिळेल. निबंधाची वही काढायला सांगा आणि म्हणा, यातले तू खोडलेले एखादे वाक्य दाखव, आणि का खोडलेस ते सांग. वहीत खोडलेले काहीच नसेल, तर एखादे आत्ता खोडावेसे वाटते का, तेवढे विचारा. मग तो काय म्हणतो ते ऐका, आणि शाबासकी देण्याची घाई करू नका.